चालू न होणारा वाय-फाय अडॅप्टर : देवगड तालुक्यातील एका घरातील प्रकरण

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझ्या काकांचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे. तेथील पडवीत ठेवलेल्या डेस्कटॉप संगणकावर हापूसच्या हंगामात पेट्यांचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि पार्सलच्या पावत्या यांचे काम रोज चालते. संगणकावर लिनक्स मिंटची २१ वी आवृत्ती, म्हणजे उबुंटू २२.०४ च्या पायावर उभी असलेली आणि ५.१५ हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वापरणारी प्रणाली आहे. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर वीज कोसळली, तेव्हा ओटीवरचा राउटर जळाला आणि त्याला केबलने जोडलेल्या या संगणकाचे लॅन पोर्टही निकामी झाले. राउटर लगेच नवा आला. संगणकासाठी मात्र एप्रिलमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, एक छोटा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर ऑनलाइन मागवण्यात आला आणि तो काही केल्या चालेना. त्याच आठवड्यात मी रत्नागिरीहून तेथे गेलो होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

मी पोहोचण्यापूर्वी निदान होऊन चुकले होते. "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान तेका," असे काकांनी सांगितले आणि पुरावा म्हणून अडॅप्टरच्या धातूच्या टोकावर चढलेली किंचित हिरवट झाक दाखवली. किनाऱ्यावर हे निदान हास्यास्पद नसते, कारण बिजागरीपासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत अनेक वस्तू येथे खाऱ्या हवेनेच जातात. परंतु संपर्क खराब झाला असेल तर तो कोठे दिसला पाहिजे, हे ठरलेले आहे. यूएसबी उपकरण लावताच कर्नल त्याची ओळख विचारते आणि टोके गंजलेली असतील तर त्या विचारपुशीतच अडथळा येऊन कर्नलच्या नोंदींत, म्हणजे डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या मजकुरात, वजा ७१ या क्रमांकाच्या चुका उमटतात किंवा उपकरण पुनःपुन्हा जोडले व तुटले जाताना दिसते. येथे तसे काहीच नव्हते. अडॅप्टर ४८० मेगाबिट प्रतिसेकंद या यूएसबी २ च्या पूर्ण वेगाने, एकाच प्रयत्नात ओळखला गेला होता. टोके मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली, ती काकांच्या समाधानासाठी. फरक पडला नाही.

"वाय-फाय जोडले जात नाही" या एका वाक्यात किमान पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. यूएसबीवर उपकरण दिसणे, त्याला चालक म्हणजे ड्रायव्हर मिळणे, रेडिओ बंद केलेला नसणे, आसपासचे नेटवर्क दिसणे, पासवर्डची देवघेव पुरी होणे आणि शेवटी राउटरकडून पत्ता मिळणे, या क्रमाने ही साखळी जाते. मागची कडी तुटलेली असताना पुढच्या कडीवर कितीही मेहनत केली तरी ती वाया जाते. काकांनी माझ्या आधी राउटर सात-आठ वेळा बंद-चालू केला होता आणि त्याचा पासवर्डही एकदा बदलून पाहून पुन्हा होता तोच ठेवला होता. वास्तविक संगणकाच्या नेटवर्क चिन्हावर वाय-फायचा पर्यायच उगवत नव्हता, म्हणजे बिघाड राउटरपर्यंत पोहोचण्याच्या पुष्कळ आधी होता.

यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यावर अडॅप्टरच्या ओळीत ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक आला आणि पुढे ड्रायव्हर सीडी-रॉम मोड असे शब्द होते. डेस्कटॉपवरही त्याच वेळी एका सीडीचे चिन्ह प्रकटले होते, त्याकडे घरात कोणी लक्ष दिले नव्हते. या जातीचे अडॅप्टर लावल्याबरोबर स्वतःला सीडी म्हणून सादर करतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजसाठीचा ड्रायव्हर साठवलेला असतो. विंडोजवर तो बसवला की उपकरण सीडीचे सोंग टाकून अडॅप्टर होते. लिनक्सला ही सीडी बाहेर काढण्याची आज्ञा मिळाली तरच ते रूपांतर घडते. येथे एक फसवी गोष्ट नोंदवली पाहिजे. यादीत या क्रमांकासमोर रियलटेकच्या ८१८८जीयू या चिपचे नाव येते, परंतु सीडीच्या सोंगात असताना त्याच घराण्यातील अनेक चिप हाच क्रमांक वापरतात. त्या नावावर विश्वास ठेवून ड्रायव्हर शोधायला निघालेला माणूस भलत्याच गावाला जातो.

म्हणून मी ड्रायव्हर न शोधता आधी सोंग उतरवले. यूएसबी-मोडस्विच हे साधन मिंटमध्ये आधीपासून होते, मात्र त्याच्या तिथल्या यादीत या क्रमांकाची नोंद नव्हती, त्यामुळे ते आपोआप चालले नव्हते. सीडी बाहेर काढण्याचा पर्याय आणि वरचे दोन क्रमांक देऊन ते हाताने चालवताच सीडीचे चिन्ह नाहीसे झाले आणि यादीत ०बीडीए:सी८११ हा नवा क्रमांक आला. ही खरी ओळख : ८८११सीयू, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारी, फक्त वाय-फायची चिप.

तरीही वाय-फायचा पर्याय आला नाही. या वेळी कारण स्वच्छ होते. ५.१५ हे कर्नल ऑक्टोबर २०२१ मधले आहे. या घराण्यातील चिप सांभाळणारा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर त्यात आहे, पण तो संगणकाच्या आत बसणाऱ्या पीसीआय कार्डांपुरता. यूएसबी अडॅप्टरसाठीचा त्याचा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलात दाखल झाला. म्हणजे उपकरण चांगले होते, प्रणालीही चांगली होती, केवळ त्या प्रणालीला हे उपकरण जन्माने ठाऊक नव्हते. अशा वेळी दोन वाटा असतात. बाहेरून ड्रायव्हरचा मूळ मजकूर आणून तो डीकेएमएस या साधनाच्या साहाय्याने संगणकावरच बांधून घेणे ही एक, आणि कर्नलच नवे घेणे ही दुसरी. इंटरनेटवरील बहुतेक सल्ले पहिल्या वाटेचे असतात. मला ती या घरासाठी अयोग्य वाटली. असा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल बदलताना पुन्हा बांधावा लागतो आणि हे काम डीकेएमएस एरवी निमूटपणे करत असले तरी ज्या दिवशी ते फसते त्या दिवशी संगणकाचे नेटवर्क जाते आणि ते दुरुस्त करण्यासाठी नेटवर्कच लागते. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असलेल्या यंत्रावर असा घरी बांधलेला ड्रायव्हर स्वतःची किल्ली नोंदवून सही केल्याशिवाय कर्नल आत घेत नाही. कर्नलबरोबर येणारा ड्रायव्हर मात्र सहीनिशीच येतो. काकांकडे आंब्याच्या दिवसांत फोनवरून कोणी किल्ली नोंदवण्यासाठी "आता निळ्या पडद्यावर दुसरा पर्याय निवडा" असे सांगत बसेल, ही कल्पना मला पेलवली नाही.

मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू या यादीखाली कर्नलांची खिडकी असते आणि २१ व्या आवृत्तीला तेथून ६.८ हे कर्नल घेता येते. ते उतरवण्यासाठी इंटरनेट लागणार होते आणि गावात मोबाइलची रेंज वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेल्याशिवाय धड मिळत नाही. यावर उपाय सोपा निघाला. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला ठेवला, तो यूएसबी केबलने संगणकाला लावला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत या मार्गाने मोबाइल डेटाच नव्हे, तर फोनला मिळालेले वाय-फायही पुढे दिले जाते आणि लिनक्सला तो फोन एखाद्या साध्या लॅन कार्डासारखा दिसतो. ही सोय मी प्रत्येकाला सांगतो, कारण अडॅप्टर दुरुस्त करताना पहिली अडचण ड्रायव्हरची नसते, तो आणायचा कसा ही असते. याच जोडणीने आणखी एक गोष्ट सिद्ध झाली : राउटर, त्यापलीकडची फायबरची तार आणि संगणकातील नेटवर्कची बाकी व्यवस्था निर्दोष होती.

नवे कर्नल बसले, संगणक पुन्हा सुरू झाला. डब्ल्यूएलएक्स या अक्षरांनी सुरू होऊन पुढे अडॅप्टरचा स्वतःचा पत्ता असलेले नाव आयपी लिंकच्या यादीत आले, नेटवर्क चिन्हावर वाय-फायचा पर्याय उगवला, आरएफकिल या आज्ञेने रेडिओ कोठेही अडवलेला नसल्याचे सांगितले. काकी चहा घेऊन आल्या, तेव्हा मी काम संपल्याचे सांगून टाकले होते. ते चुकीचे होते. यादीत पलीकडच्या वाडीतील एक अंधूक नेटवर्क दिसत होते आणि वीस फुटांवर ओटीत असलेला घरचा राउटर दिसत नव्हता.

येथे काकांनी दुसरे निदान केले, चिऱ्याच्या भिंतीचे, आणि ते पहिल्यापेक्षा अधिक विचारार्ह होते. जाड भिंती सिग्नल खातात हे खरे आहे. या घरात पडवी आणि ओटी यांच्यामध्ये माजघराच्या दोन भिंती आहेत. परंतु भिंत सिग्नल क्षीण करते, पूर्ण पुसत नाही, आणि ज्या भिंतींतून पलीकडच्या वाडीचे नेटवर्क येते त्याच घरात ओटीवरचे येऊ नये हे पटण्यासारखे नव्हते. खात्रीसाठी आम्ही राउटरच उचलून पडवीत, संगणकापासून हातभर अंतरावर ठेवला. तरीही तो दिसेना. फोनला मात्र तो पूर्ण ताकदीने दिसत होता. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हता. फोन जेथे पाहत होता तेथे संगणक पाहतच नव्हता.

फोनवरील वाय-फाय विश्लेषकात राउटरचे चॅनेल पाहिले, ते १३ होते. नवा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असून चॅनेल आपोआप निवडण्यावर ठेवलेला होता आणि त्याने आपल्या मर्जीने शेवटचे मोकळे चॅनेल धरले होते. भारतात या पट्ट्यातील १ ते १३ ही सर्व चॅनेले वापरता येतात, तर अमेरिकेच्या नियमानुसार लिनक्समध्ये ११ पर्यंतचीच उघडी राहतात. रेडिओला कोणत्या देशाचे नियम लावले आहेत हे दाखवणारी आयडब्ल्यू रेग गेट ही आज्ञा देताच पहिल्याच ओळीत देश म्हणून यूएस आले. त्याखालील २.४ गिगाहर्ट्झची मर्यादा २४७२ मेगाहर्ट्झला संपत होती. आता १३ व्या चॅनेलचा मध्य २४७२ वर असतो, पण २० मेगाहर्ट्झ रुंदीमुळे त्याचा वरचा काठ २४८२ पर्यंत जातो, म्हणून त्या मर्यादेत ते चॅनेल मावत नाही. अडॅप्टरच्या क्षमतांच्या यादीत १२ आणि १३ यांच्यापुढे डिसेबल्ड असे लिहिलेलेही होते.

देवगडातल्या संगणकाला आपण अमेरिकेत आहोत असे कोणी सांगितले? याचे उत्तर शोधण्यात मी अर्धा तास घालवला आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या मांडणीच्या फोल्डरमध्ये, सीएफजी८०२११ या कर्नलच्या वाय-फाय सांभाळणाऱ्या भागासाठी, देशाचा कोड यूएस ठरवणारी एका ओळीची फाइल होती. तिची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. तेव्हा केबल ओढण्यापूर्वी या संगणकाला एक जुना अडॅप्टर लावलेला होता, तो मंद चालत होता आणि ज्या तरुणाने मिंट बसवून दिले त्याने, अमेरिकेचा कोड दिल्यास रेडिओची ताकद वाढते अशा कुठेतरी वाचलेल्या सल्ल्यावरून, ही ओळ घातली होती. अडॅप्टरचा वेग त्याने वाढला नाही, म्हणून पुढे केबल आली. ओळ तशीच राहिली. तेव्हाचा जुना राउटर बहुधा ११ च्या आतील चॅनेलवर होता, म्हणून त्या ओळीचा त्रास कधी जाणवला नाही. विजेने राउटर बदलला आणि तीन वर्षे झोपलेली ओळ जागी झाली. उपाय करणाऱ्याने निरुपयोगी ठरलेला उपाय परत काढला नाही, यातून निर्माण झालेला हा दोष होता, आणि तो शोधताना मी त्या तरुणावर मनात बरीच टीका केली, जी पुढच्या दोन तासांत मला गिळावी लागली.

फाइलमधील यूएस काढून आयएन लिहिले, संगणक पुन्हा सुरू केला आणि घरचे नेटवर्क यादीत आले. राउटरचे चॅनेल बदलून ६ करणे हा याहून झटपट उपाय होता, परंतु राउटर कंपनीच्या माणसाने कधी पूर्ववत केला असता तर तोच दोष पुन्हा उभा राहिला असता. राउटर पुन्हा ओटीत गेला. तेथून पडवीत सिग्नल वजा ६८ डीबीएमच्या आसपास भरत होता, म्हणजे चिऱ्याच्या भिंती त्यांचा वाटा घेत होत्या, पण कामापुरते सोडत होत्या.

एवढ्यात पार्सलची गाडी येण्याची वेळ झाली आणि काकी त्या दिवसाच्या पेट्या नोंदवायला बसल्या. त्या उठल्यावर मी नेटवर्कच्या नावावर क्लिक करून राउटरच्या तळाशी लिहिलेला पासवर्ड टाकला. जोडणी झाली नाही. पासवर्डाची खिडकी पुन्हा आली, ठिपक्यांनी भरलेलीच. मी कनेक्ट दाबले, ती पुन्हा आली. टर्मिनल उघडून नोंदी पाहिल्या तर चार टप्प्यांची किल्लीची देवघेव फसली, पूर्वी ठरलेली किल्ली चुकीची असू शकते, अशा अर्थाचा संदेश होता. पासवर्ड मी राउटरवर पाहून टाकला होता, त्यामुळे "असू शकते" या शब्दांवर भर देऊन मी तो संदेश बाजूला सारला. दुर्बळ सिग्नलमध्येही ही देवघेव फसते आणि हाच संदेश येतो, हे खरे आहे. जोडण्या सांभाळणारा नेटवर्क-मॅनेजर हा प्रोग्राम शोध घेताना अडॅप्टरचा पत्ता मुद्दाम बदलतो आणि काही यूएसबी अडॅप्टरांना ते सोसत नाही, हेही खरे आहे. म्हणून मी पत्ता बदलणे थांबवणारी ओळ घातली. उपयोग झाला नाही. मग वीजबचत बंद करणारी ओळ घातली. तिचाही उपयोग झाला नाही. राउटर पुन्हा संगणकाजवळ आणून पाहिला, तेही व्यर्थ.

शेवटी जोडणीच्या मांडणीची खिडकी उघडून पासवर्ड दाखवा या चौकोनावर खूण केली आणि ठिपक्यांच्या जागी देवनागरी अक्षरे उमटली. काकी हिशेब मराठीत लिहितात. त्या उठल्या तेव्हा कळफलक मराठीवर होता आणि मी न पाहता त्यावरच पासवर्ड टाकला होता. नंतर टर्मिनलमध्ये पहिल्याच आज्ञेला देवनागरी आली, तेव्हा मी सवयीने कळफलक इंग्रजीवर नेला, मात्र साठवलेला पासवर्ड मराठीतच राहिला आणि मी तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहिलो. प्रणालीने हा पासवर्ड मुळात नाकारला का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. डब्ल्यूपीएचा पासवर्ड ८ ते ६३ वर्णांचा असावा लागतो आणि प्रत्यक्षात मोजणी बाइटची होते; देवनागरीतील एकेक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे १० चिन्हांचा मजकूर ३० बाइटांचा होऊन त्या मर्यादेत आरामात बसतो. मग त्या मजकुरापासून, नेटवर्कचे नाव मिसळून, ४०९६ फेऱ्यांत किल्ली तयार होते, आणि ती किल्ली घडणीने निर्दोष, फक्त भलत्याच कुलपाची असते. गूढलेखनशास्त्रात या मिसळल्या जाणाऱ्या नावाला मीठ म्हणतात, हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांना आपले पहिले निदान अर्धे खरे ठरल्याचे समाधान झाले.

इंग्रजी अक्षरांत पासवर्ड टाकताच जोडणी झाली आणि राउटरने पत्ता दिला. त्यानंतर मी घातलेल्या दोन्ही ओळी, पत्ता बदलण्याची आणि वीजबचतीची, काढून टाकल्या आणि त्यांच्याविना जोडणी टिकते याची खात्री केली.

सीडीचे सोंग मात्र अजून हाताने उतरवलेले होते. कर्नल आणि देशाचा कोड बदलताना संगणक दोनदा सुरू झाला होता आणि दोन्ही वेळा अडॅप्टर अडॅप्टरच राहिला होता, म्हणून हा प्रश्न मिटला असे मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली, दीड तासाने आली आणि काकांनी पुन्हा सीडीचे चिन्ह दाखवले. रीस्टार्टमध्ये यूएसबी पोर्टचा वीजपुरवठा तुटला नव्हता, त्यामुळे अडॅप्टर आपले बदललेले रूप धरून होता. पुरवठा खरोखर गेल्यावर तो मूळ रूपात परतला. माझी चाचणीच चुकीची होती. मग यूडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडताच काय करायचे ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, एक नियम लिहिला : ०बीडीए:१ए२बी या क्रमांकाचे उपकरण दिसताच यूएसबी-मोडस्विचने त्याची सीडी बाहेर काढावी. या वेळी चाचणी संगणक बंद करून, भिंतीवरचे बटण काढून आणि पाच मिनिटे थांबून घेतली, आणि नंतर अडॅप्टर उपसून दुसऱ्या पोर्टात लावूनही घेतली. दोन्ही वेळा काही सेकंदांत वाय-फाय आपोआप जोडले गेले.

निघण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून तो संगणकाच्या खणात, आंब्याच्या पावत्यांच्या वहीत ठेवला : देशाच्या कोडाची फाइल कोठे आहे व तिच्यात काय बदलले, यूडेव्हच्या नियमाच्या फाइलचे नाव, आणि नव्या कर्नलने काही त्रास दिल्यास सुरुवातीच्या यादीतून ५.१५ कसे निवडायचे. काकांनी त्याखाली आपल्या अक्षरात चौथी ओळ जोडली, ती कळफलकाची होती.